जुडीतलं पिवळं पान

वैद्य बाईंच्या सत्काराची स्मरणिका निघणार होती. तिच्यासाठी लेख मागायला शाळेचे दोन माजी विद्यार्थी माझ्या ऑफिसात आले. दोघंही माझ्याच मागेपुढे शिकलेले, आता टक्कल पडलेले. म्हणाले, ताई, तुम्ही बाईंच्या लाडक्या, तुमच्याशिवाय स्मरणिका पुरी कशी होणार. मी म्हटलं, जाहिरात देते, मागच्या कव्हरची, रंगीत. लेख मिळणार नाही. ते म्हणाले, जाहिरात द्या आणि लेखही द्या. मी म्हटलं, दोन्हींतलं एक घ्या, आणि चहा निवतोय. त्यांनी जाहिरात घेतली. समोरचा माणूस काय घेऊन उठणार हे मला तो बसायच्या आधी कळतं. आधी रेती-विटा आणि मग जागेचे व्यवहार करण्यात आयुष्य गेलंय माझं. पण ते दोघं गेल्यावर डोकं जे तापलं ते संध्याकाळपर्यंत उतरलं नाही. कारकुनावर ओरडले, ड्रायव्हरवर ओरडले. लाडकी म्हणे. हे प्रकरण त्या दिवशी लिहायला घेतलं. स्मरणिकेत ते छापता आलं नसतं.

आमचं घर भाईंदरजवळच्या राई गावात, खाडीकडच्या अंगाला. पुढे ओटी, मागे वाडी. वाडीत वांगी, मुळा, मेथी, चवळी, अळू, आणि मांडवावर पडवळ. घरातला पहिला आवाज विहिरीच्या कप्पीचा. ती कुरकुरायला लागली की आय उठली हे कळायचं. उजाडायच्या आत ती भाजी काढून, धुऊन, जुड्या बांधून पाटीत रचायची. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर होते. घरी यायचे तेव्हा तोंड काळं, फक्त डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. मशीनच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. मीठ मागायचं तरी ओरडून. आजही मी फोनवर बोलायला लागले की समोरची माणसं फोन कानापासून लांब धरतात, आणि त्यांना वाटतं मी भांडतेय. बहुतेक वेळा भांडतच असते, पण ते वेगळं. जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीत मिळेल ते. निवट्या मिळाल्या तर निवट्या, नाहीतर सुकट, कांद्यावर परतलेली, आणि वर कैरीची फोड. पावसाळ्यात वालाचं बिरडं. ते सोलायला आम्ही सगळे ओटीवर बसायचो आणि हाताला वालाचा उग्र वास दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत राहायचा.

शाळा भाईंदर पश्चिमेला. राई, मुर्धा, मोर्वा इथली आम्ही मुलं मागच्या बाकांवर बसायचो. कोणी बसवलं नव्हतं, आम्हीच बसायचो. पुढे बिल्डिंगमधली मुलं. गिरगाव, लालबाग, परळ इकडून त्यांची घरं नुकतीच भाईंदरला आलेली, जागा मोठी मिळाली म्हणून. त्यांची मराठी आकाशवाणीवरच्यासारखी वाटायची. आमच्या तोंडी हाय, न्हाय, मना, तुना. वर्गात आम्ही शक्यतो बोलायचोच नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, असा आमचा न ठरवलेला नियम होता.

वैद्य बाई मराठी शिकवायच्या. त्याही गिरगावातून आलेल्या. बारीक चणीच्या, चष्मा साखळीला लावलेला, पदराला अडकवलेलं लाल शाईचं पेन. नवऱ्याच्या हट्टामुळे भाईंदरला यावं लागलं याचा त्यांना राग होता, आणि तो कधी पाण्याच्या टँकरवर निघायचा, कधी डासांवर, कधी आमच्या वाक्यांवर. त्यांची एक पद्धत होती. निबंधाच्या वहीचं प्रत्येक पान उजवीकडून पट्टीएवढं दुमडून मोकळं सोडायचं. ती बाईंची जागा. आम्ही डावीकडे लिहायचं, बाई उजवीकडे दुरुस्त करून द्यायच्या, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक ओळ आम्ही मागच्या पानावर पुन्हा पुन्हा उतरवायची. बिल्डिंगच्या मुलांची पट्टी बरीचशी कोरी राहायची. माझी पट्टी भरून लाल शाई खालच्या समासात उतरायची. वाचून दाखवताना बाई टोमणेही छान मारायच्या. एकदा माझं एक वाक्य वाचून म्हणाल्या, हे राईहून चालत आलंय, पायाला चिखल तसाच आहे, दारात पाय धुऊन आत ये म्हणावं. सगळा वर्ग हसला. मीही हसले. वाक्य खरंच तसं होतं.

बाईंवर अन्याय करायचा नाही म्हणून हेही लिहिते. इतर शिक्षक आमच्या मागच्या बाकांवरच्या वह्या बघतही नसत, वर एक मोठी बरोबरची खूण करून टाकायचे. बाई प्रत्येक ओळ वाचायच्या. शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. स्वतःच्या घरची पुस्तकं आणून द्यायच्या, परत करताना कव्हर घातलेलं असलं पाहिजे एवढीच अट. त्यांनी मला शिकवलं नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. माझी तक्रार ती नाही.

बाई आमच्या गिऱ्हाईकही होत्या. स्टेशनच्या बाजूला त्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही, बाई तिसऱ्या मजल्यावर. आय खाली पाटी ठेवून हाक मारायची. पहिल्या मजल्यावरची गुजराती भाभी खाली यायची, तिच्याशी आय हिंदीत बोलायची, भाभी, एकदम ताजा है, सुबे का तोडा. बाई खाली यायच्या नाहीत. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. आय टोपलीत जुडी ठेवायची, टोपली वर जायची. मग बाई चष्मा लावून जुडी उलटीसुलटी करायच्या, मेथीतलं एखादं पिवळं पान शोधून काढायच्या, दोन बोटांत धरून आयला दाखवायच्या आणि खाली सोडायच्या. ते पान तरंगत खाली यायचं. मग वरून भाव पाडून मागायच्या आणि आय कुरकुरत हो म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मी आयबरोबर असायचे तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून हे बघायचे. मला आयचा राग यायचा. जुड्या बांधताना आय इतकी बारीक नजरेची की मुळ्याला माती राहिली तर माझ्या पाठीत बसायचा. मग बाईंच्याच जुडीत पिवळं पान कसं राहतं, हे कळत नसे. बाईंसमोर मान खाली जायची माझी. वर्गात माझ्या चुका, इथे आयच्या.

त्या पायरीवर बसून मी ऐकायचे. बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींशी काय बोलतात, शब्द कुठे तोडतात, कुठे ओढतात. भाजी बांधायला आणलेल्या रद्दीतला प्रत्येक कागद बांधायच्या आधी मी वाचून काढायचे. आणि बाईंनी एकदा लाल केलेली चूक पुन्हा करायची नाही असं ठरवलं होतं. ज्याच्याकडून एकदा नुकसान सोसलं त्या माणसाशी पुन्हा व्यवहार करत नाहीत तसं. मला फार काही नको होतं. एक पान असं हवं होतं की त्याची पट्टी कोरी असेल आणि खाली बाईंची सही असेल. बास.

नववीत तालुक्याच्या निबंध स्पर्धेसाठी प्रत्येकाने एक निबंध लिहून आणायचा होता. त्यातला एक बाई निवडून पाठवणार होत्या. मी आयच्या पाटीवर लिहिला. पहाटे पाटी डोक्यावर चढताना पहिल्यांदा तिची मान कशी लटपटते आणि मग स्थिर होते, ओल्या भाजीचं पाणी पाटीतून झिरपून तिच्या कानामागून कसं उतरतं, मिठागराच्या बाजूने येताना डाव्या गालाला खारा वारा लागतो आणि बिल्डिंगा सुरू झाल्या की तो कसा एकदम थांबतो. ओटीवर बसून लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. बाबा विचारायचे, काय करते ही दिवसभर, आणि आय ओरडून सांगायची, शालेचं हाय. शेवटी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला आणि पान उजवीकडून दुमडलं.

बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर माझं पान होतं. त्यांनी माझ्यादेखत ते पुन्हा वाचायला घेतलं, हातात लाल पेन उघडं. पेनचं टोक ओळीओळीवरून पुढे सरकत होतं, कुठे टेकत नव्हतं. मला आठवतंय, मला आनंद होत होता. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि बाईंनी पेनला टोपण लावलं.

“म्हात्रे, हे कोणी लिहून दिलं?”

मला प्रश्न कळायला वेळ लागला. मी म्हटलं, “मीच लिवलंय, बाई.”

“ऐक स्वतःचं. लिवलंय.” बाई रागावल्या नव्हत्या. “तोंडातून असं निघतं, आणि कागदावर एक चूक नाही? मी तुला आज ओळखते का?”

शेजारी चित्रकलेचे सर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि शेंगा पुढे सोलल्या. बाई मग सांगत राहिल्या की त्यांना वाईट कशाचं वाटतंय. दुसऱ्याचा निबंध आपल्या नावावर आणणं ही चोरी, आणि ती तू करावीस? बिल्डिंगमधल्या कुठल्या ताईने लिहून दिला का, की पुस्तकातून उतरवलास, खरं सांगितलंस तर मी काही करणार नाही. मी तेवढंच पुन्हा सांगत होते, मीच, मीच. आणि जितकं सांगत होते तितकं माझं बोलणं राईकडे सरकत होतं, हे मला ऐकू येत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, उद्या वडिलांना घेऊन ये, त्यांच्यासमोर बोलू.

मी त्या वयात चिडकी म्हणून गावात प्रसिद्ध होते. कोणी वेणी ओढली तर दगड उचलायचे. त्या दिवशी मला राग आला नाही. रडूही आलं नाही. हात बधिर झाले होते, मिठागरात थंडीत फार वेळ उभं राहिल्यावर होतात तसे. दप्तर खांद्यावर आहे की नाही हे बघायला मी वाटेत दोनदा मागे हात नेला. मुर्धा कधी मागे पडलं कळलं नाही. एक विचार तेवढा डोक्यात होता, आणि तो निबंधाचा नव्हता, बाबांचा होता. बाबांनी मला आठवीत बसवतानाच सांगून ठेवलं होतं की शाळेतून एक जरी तक्रार आली तर त्याच दिवशी शाळा बंद, गाळ्यात ताटं कागदात गुंडाळायला पोरी लागतातच. माझ्या दोन्ही चुलत बहिणी तेच करत होत्या. बाबा बोलले की करायचे. त्यांना नीट ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं हाही प्रकार नव्हता. बाई काय म्हणतायत ते त्यांना निम्मं ऐकू आलं असतं, आणि चोरी हा शब्द त्या निम्म्यात नक्की असता.

संध्याकाळी आय ओटीवर मेथी निवडत होती. उद्याच्या जुड्या. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, तिच्यासारखंच खाली बघत, हाताने मेथी निवडत. आय तशी तापट. मला वाटलं ती उठेल, शाळेत जाऊन बाईंना चार गोष्टी सुनावेल. ती उठली नाही. विचारलं, “तूच लिवलंस ना?” मी हो म्हटलं. तिने मान हलवली. तिला ते पुरलं. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, म्हणाली, तो आयकनार न्हाय. निवडलेल्या मेथीची जुडी बांधली, केळीचं सोपट गुंडाळून गाठ मारली, बाजूला ठेवली. दुसरी बांधायला घेतली. आणि मी बघत असताना, निवडून बाजूला टाकलेल्या पाल्यातून तिने एक पिवळं पान उचललं आणि जुडीत नीट खोचलं. अगदी वर नाही, अगदी आतही नाही. शोधलं तर सापडेल असं.

मी विचारलं, “ह्ये काय?”

“तुझ्या बाईची जुडी.”

“पान कशाला घातलंस?”

“तिला काडाया. पान काडलं की जुडी तिची झाली. न्हाय सापडलं तं ती घेत न्हाय. उलटी-पालटी करत बसते, म्हंते काल-परवाची हाय, पानी मारलंय.” आयने जुडी पाटीत ठेवली. “बाकीच्यांना नसतं घालीत. भाभीला बिनपानाची चालते.”

मी विचारलं, मग मी उद्या काय करू. आय म्हणाली, “मना काय इचारतेस? मी भाजी इकते.” आणि कप्पीकडे पाणी काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बाईंसमोर उभी राहिले. रात्रभर... नाही, रात्री मी झोपले होते, चांगली झोपले होते. बोलणं वाटेत चालताना तयार केलं. म्हटलं, बाई, बाबांना आणते, पण त्याआधी माझ्याकडून इथे लिहून घ्या, तुमच्यासमोर, तुम्ही द्याल त्या विषयावर. ते बघा आणि मग तुम्ही म्हणाल तसं. हा माझ्या आयुष्यातला पहिला व्यवहार. अजूनही मी असंच करते, समोरच्याला नको असलेली गोष्ट बाजूला ठेवते आणि त्याला हवी असलेली त्याच्या हातात देते, म्हणजे ती त्यानेच मागितली असं त्याला वाटतं. बाईंनी थोडा विचार केला आणि कागद पुढे केला. विषय दिला ‘माझी शाळा’. स्वतः समोर खुर्चीत बसल्या.

मी पान उजवीकडून दुमडलं आणि लिहायला लागले. बाईंना कुठल्या चुका सापडल्या की बरं वाटतं हे मला पाठ होतं. इतकी वर्षं त्यांनीच ते मला उतरवायला लावलं होतं. एक चूक सुरुवातीलाच ठेवली, लगेच दिसेल अशी. मग जरा जागा सोडून दुसरी. मधे एक मोठं वाक्य मुद्दाम राईहून चालत आणलं, पायाच्या चिखलासकट. सगळीकडे नाही पेरल्या, सगळीकडे पेरल्या असत्या तर माल सडका दिसला असता. शाळेची घंटा, नळाखालची रांग, फळा, असं काहीतरी लिहीत गेले. लिहिताना काही वाटत नव्हतं. हात आदल्या दिवशीसारखाच दुसऱ्या कोणाचा होता, आणि बाहेर मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवत होतं ती मात्र स्पष्ट ऐकू येत होती. पूर्ण झाल्यावर पान बाईंपुढे सरकवलं.

बाईंनी पेनचं टोपण काढलं. पहिल्या चुकीपाशी पेन टेकलं, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. आयुष्यात पुढे मी कितीतरी चेहरे असे बघितले, भाव पडला की माणसाच्या कपाळावरची शीर सैल होते ते. पण तो पहिला. बाई सुटल्यासारख्या झाल्या. खुर्ची माझ्याजवळ ओढली, मला बस म्हणाल्या, मी त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. एकेक चूक मला समजावत पट्टी भरून काढली. राईचं वाक्य आलं तेव्हा हसल्या, मायेने हसल्या. पर्समधून श्रीखंडाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

“हे बघ, हे तुझं आहे,” बाई म्हणाल्या. “यात लाज कसली? चुका आहेत, त्या आपण काढू. मी आहे ना.”

मी हो म्हटलं.

मग त्यांनी कप्प्यातून पाटीवरचा निबंध काढला. त्याची पट्टी कोरी होती. “आणि हा?” बाईंनी अगदी हळू विचारलं, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “हा दुसऱ्याचा होता ना?”

शिट्टी अजून वाजत होती. मी हो म्हटलं.

“झालं तर मग. वडिलांना आणायची गरज नाही. कोणाचा होता ते मी विचारणार नाही.” त्यांनी पानाची घडी करून माझ्याकडे दिली. “ज्याचा आहे त्याला परत दे.”

स्पर्धेला दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाचा निबंध गेला. त्याचा नंबर आला की नाही ते मला आठवत नाही, तेव्हाही मी विचारलं नव्हतं. माझं पान मी घरी नेलं आणि रद्दीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात कधीतरी आयने त्यात मिरच्या बांधून कोणालातरी दिल्या असणार, कारण नंतर ते दिसलं नाही. मी शोधलं नाही. आयने विचारलं एवढंच, “मिटलं?” मी म्हटलं, मिटलं. बाबांना कधीच काही कळलं नाही.

माझी मुलगी हे ऐकून म्हणते, आई, तू खरं सांगून भांडायला हवं होतंस. ती वकील आहे. तिला भांडायला शिकवलं ते मीच, पण तिने कधी गाळ्यातली ताटं बघितली नाहीत. मी तेव्हा जे दिलं त्याच्या बदल्यात शाळा घेतली. व्यवहार म्हणून बघितलं तर तो चुकलेला नाही, आज पुन्हा टेबलावर आला तरी मी तोच करीन. पण महाग पडला, आणि महाग पाडणारी माणसं मी विसरत नाही.

त्यानंतर मी बाईंना चुका देत राहिले. एकदम बंद करून चाललं नसतं. प्रत्येक निबंधात थोड्या कमी करत गेले, बाईंना पटेल अशा बेताने. एखाद्या महिन्यात घाई झाली, पट्टी फारच रिकामी राहिली, की बाईंच्या कपाळावर ती शीर पुन्हा दिसायची, आणि पुढच्या निबंधात मी जुनी एखादी चूक परत आणायचे. बाई म्हणायच्या, घसरलीस हं. आणि खूश असायच्या. वहीच्या शेवटी ‘प्रगती आहे’ असं लिहायला लागल्या. घरी मी दोन वह्या लिहायला लागले असं कोणाला वाटेल, तसं काही नव्हतं. एकच वही. बरोबर काय ते डोक्यात ठेवायचं आणि चूक कागदावर उतरवायची. लिहिण्यात जे काही मला आवडायचं, पाटीतलं पाणी कानामागून उतरणं वगैरे, ते मी लिहायचं सोडून दिलं. ते लिहिलं असतं तर पुन्हा कोणी लिहून दिलं असं झालं असतं. घंटा, नळ, फळा, वृक्षारोपण. तेवढं बास होतं. हे सोडल्याचं दुःख झालं का, असं परवा कोणीतरी विचारलं. मला आठवत नाही. जेवण करत होते, शाळेत जात होते, सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसत होते.

दहावीच्या बोर्डाचा पेपर बाहेर कुठेतरी तपासायला जायचा. कुठे ते कोणालाच माहीत नसायचं. तपासणाऱ्याला माझा चेहरा माहीत नव्हता, राई कुठे आहे हे माहीत नव्हतं, मी कशी बोलते हे माहीत नव्हतं. तिथे मी एकही पान खोचलं नाही. पेपरचं कोरं पान समोर आलं तेव्हा हात सवयीने उजवीकडची पट्टी दुमडायला गेला, मी थांबवला. निबंधाच्या प्रश्नात आईवर लिहायचा विषय होता. मी पाटीवर लिहिलं, जेवढं आठवत होतं तेवढं.

मराठीत मी शाळेत पहिली आले. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांच्या वर. शाळेने छोटा कार्यक्रम केला, नारळ आणि पेन दिलं, आय आली होती, बाबा गाळ्यातून सुट्टी मिळाली नाही म्हणून आले नाहीत. वैद्य बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, खरा भरून आला होता. म्हणाल्या, ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा हिचं एक वाक्य सरळ नव्हतं. एकेक चूक काढत आणलं मी हिला. माझ्या हाताला लाल शाईचा डाग कायमचा बसला तो हिच्यामुळे. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. हात हलका होता. त्या स्मरणिकेत आता बाई हेच सांगणार, आणि शेजारी माझ्या जाहिरातीचं पान असणार.

दुसऱ्या दिवशी मी आयबरोबर भाजी घेऊन गेले. जायची गरज नव्हती, पण गेले. बाईंच्या बिल्डिंगखाली पाटी उतरवली. बाई गॅलरीत आल्या आणि तिथूनच आयला म्हणाल्या, “घडवलं हो तुमच्या मुलीला.” आय वर बघून हसली. टोपली खाली आली. आय भाभीला वांगी निवडून देत होती, म्हणून बाईंची मेथीची जुडी मी उचलली. पान होतं, नेहमीच्या जागी, अगदी वर नाही, अगदी आतही नाही. मी ते काढलं आणि गटारात टाकलं. जुडी टोपलीत ठेवली. टोपली वर गेली.

बाईंनी चष्मा लावला. जुडी उलटी केली, सुलटी केली. देठ बघितले. सोपट सरकवून आत बघितलं. वास घेतला. पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं बघितलं. आम्ही खालून बघत होतो, भाभीही बघत होती. मग टोपली हळूहळू खाली आली. जुडी तिच्यात तशीच होती.

“आज नको,” बाई वरून म्हणाल्या. “पाणी मारलेली वाटतेय.”

आयने माझ्याकडे पाहिलं. पाटीत हात घालून तिने चाचपून एक पिवळं पान शोधून काढलं, जुडीत खोचलं, आणि दोरी हलवली. टोपली वर गेली. थोड्या वेळाने पान एकटं तरंगत खाली आलं, आणि मागोमाग रिकामी टोपली.